पाचवं चाक आणि माहेरचं कापड

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. जुनी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गुळगुळीत झालेला, तारा बाहेर आलेला टायर येत असेल. माझं तसं नाही. माझ्या अंगावरची नक्षी अजून जवळजवळ कोरी आहे आणि तेच माझं दुखणं आहे. गाडीची बाकीची चार चाकं जग पाहत फिरली. मी मात्र डिकीतल्या गालिच्याखाली, गोल खळग्यात, जॅक आणि पान्याच्या सोबतीनं अंधारात वर्षं काढली. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिरका झाला आहे, तेवढं सांभाळून घ्या.

आम्ही पाच भावंडं एकाच कारखान्यात जन्मलो. रबर, काजळी आणि पोलादाच्या बारीक तारा यांतून आम्हाला घडवलं. तापलेल्या साच्यातून बाहेर आलो तेव्हा प्रत्येकाच्या अंगावर आकडे उमटले होते : २०५, ५५, १६ आणि ९१. माणसं हे आकडे क्वचितच वाचतात, म्हणून मीच सांगते. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा. दुसरा सांगतो की त्या रुंदीच्या मानानं टायरची भिंत किती उंच आहे. ही भिंत म्हणजे खड्ड्यात गाडीला मिळणारी गादी. तिसरा आकडा आतल्या रिमचा, इंचांत. आणि शेवटचा वजनाचा, म्हणजे एका चाकानं किती भार उचलावा त्याची खूण. ज्यांनी आमची गाडी तयार केली त्यांनी ती भरून चालवली, रिकामी चालवली, वळणावर पळवली, करकचून ब्रेक मारून पाहिली आणि मगच हे आकडे ठरवले. माझ्या चारही भावंडांना चकाकत्या अलॉयच्या रिमा मिळाल्या. मला साधी काळी, पत्र्याची रिम मिळाली, कारण मला कोण बघणार होतं.

आमची गाडी लाल, बसकी आणि चपळ. चार दारांची, घरगुती दिसणारी. पण पाय जरा जास्त दाबला की बाण सुटावा तशी पळणारी. ती आधी लातूरच्या एका डॉक्टरांकडे होती. तिथून ती केजला वासिफकडे आली. वासिफचं एसटी स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्याचे वडील रहमतुल्ला फळांचे व्यापारी; हातगाडीपासून सुरुवात करून त्यांनी बाजारात स्वतःचा गाळा केला. वासिफची धाकटी बहीण आफ्रीन अंबाजोगाईला नर्सिंग शिकत होती. ही मंडळी घरात आपसांत दखनी बोलतात, पण मी सगळं तुमच्या बोलीत सांगते.

डिकीत दिसत काहीच नाही, पण ऐकू सगळं येतं. आणि कोण कुठे बसलं ते मला वजनावरून कळतं. रहमतुल्ला बसताना गाडी आधी एका बाजूला हळूच झुकायची, मग बराच वेळ तशीच थांबायची. एकदा गाळ्यातल्या ओल्या फरशीवर घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. आत धातूचा सांधा बसवलेला. एकेक पाय हातानं उचलून ते आत घेत. मोटारसायकलवर टांग टाकणं तर त्यांचं कधीच बंद झालं होतं. आणि या घराची एक रीत होती. नातेवाइकांकडे जायचं तर डिकीत फळांचे क्रेट पाहिजेतच. फळवाला रिकाम्या हातानं कुणाच्या दारात जात नाही, असं रहमतुल्लांचं म्हणणं. म्हणजे माझ्या डोक्यावर कायम मोसंबी, पपया, नाही तर सीताफळं.

बहुतेक वेळा ही फळं माजलगावला जात. तिथं रहमतुल्लांची थोरली बहीण अजमतबी राहायच्या; रहमतुल्लांची आपा, पोरांची फुफी. आई लवकर गेली, तेव्हा अजमतबींनीच या भावाला न्हाऊमाखू घालून वाढवलं. त्या लग्न होऊन निघाल्या तेव्हा लहानगे रहमतुल्ला एसटीच्या मागे रडत धावले होते, हे त्या अजून चारचौघांत सांगून त्यांची चेष्टा करत. कधी कधी त्या आमच्या गाडीतून धरणावर फिरायला यायच्या. मागच्या सीटवर बसून एकच गोष्ट बजावायच्या. आपल्याकडे बाईचं शेवटचं कापड माहेराहून येतं. शेजारच्या हिंदू घरांत माहेरची साडी येते, यांच्याकडे माहेरचं कफन. अजमतबी हसत हसत म्हणायच्या, "रहमत, माझं कापड तूच आण. आन् हलकं आणलंस तर मी तिथून परत पाठवीन, सांगून ठेवते." रहमतुल्ला त्यांना गप्प बसवायचे आणि विषय बदलायचे.

मग वासिफच्या डोक्यात चाकांनी घर केलं. मोबाइलवर तो तासन्‌तास गाड्यांचे व्हिडिओ बघायचा. मोठ्या रिमा, रबराची नुसती पट्टी असावी तसे टायर, जमिनीला टेकलेल्या गाड्या. त्याला आमची गाडी बिचारी वाटू लागली. साजिद नावाचा त्याचा जिवलग दोस्त होता. दोघं एका मोठ्या शहरातल्या दुकानात गेले. दुकानदारानं त्याच्यापुढे दोन वाटा ठेवल्या. एक इंच मोठी रिम घेतली तर टायरची भिंत थोडीच कमी होईल, गाडी वळणावर घट्ट बसेल आणि खेड्यातल्या रस्त्यालाही चालून जाईल. दोन इंच मोठी घेतली तर गाडी दिसेल देखणी, पण भिंत बरीच कमी होईल. वासिफनं देखणी गाडी निवडली.

नव्या टायरांवर आकडे होते २२५, ४० आणि १८. हिशेबानं चाकाची एकूण उंची जवळपास आमच्याएवढीच राहिली, त्यामुळे टायर कुठे घासला नाही, वेगाचा काटाही बरोबर दाखवत राहिला. वासिफला वाटलं, सगळं जमलं. पण शेवटचा आकडा त्यानं वाचलाच नाही. माझ्या अंगावर एक्याण्णव होतं, त्यांच्या अंगावर अठ्ठ्याऐंशी. म्हणजे ते टायर रुंद असूनही आमच्यापेक्षा कमी वजनाचे धनी होते. आणि गाडी त्यानं तपासली कशी, तर केजच्या बाहेरच्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर, साजिदला शेजारी बसवून, डिकी रिकामी ठेवून. घरी आल्यावर आफ्रीननं गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, क्रेट टाकून बघितलंस का. तो म्हणाला, ही काय टेम्पो हाय का.

माझी चार भावंडं फळांच्या गाळ्याच्या माळ्यावर गेली. नव्या रिमा जाड होत्या म्हणून त्यांना लांब बोल्ट लागले. जुने आखूड बोल्ट वासिफनं एका पिशवीत घालून आपल्या दुकानातल्या खुंटीला अडकवले. मित्रांनो, माझी पत्र्याची रिम पातळ. मला तेच आखूड बोल्ट लागतात. ते डिकीत माझ्याशेजारी ठेवायला हवे होते, पण स्टेपनीची आठवण कुणाला येते. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही.

गाडीचं कौतुक मात्र लई झालं. स्टँडवर पोरं जमायची, फोटो काढायची. मला कौतुकातलं काही मिळालं नाही, धक्के मात्र मिळाले. आधी खड्डा आला की टायर तो गिळायचा; आता तो थेट वर यायचा. मागच्या सीटवर रहमतुल्लांचा श्वास प्रत्येक धक्क्याला अडकायचा. त्यांनी पोराला एक शब्द बोलून दाखवला नाही. घडी घातलेली गोधडी ते बुडाखाली घेऊन बसू लागले.

थंडीचे दिवस होते, उसाचा हंगाम जोरात होता. वासिफची आई नणंदेची तब्येत बिघडल्यामुळे आधीच एसटीनं माजलगावला गेली होती. एका सकाळी तिचा फोन आला. अजमतबी गेल्या होत्या. असरच्या, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजानंतर मिट्टी द्यायची, दफन करायचं, असं ठरलं.

रहमतुल्लांनी कापडाचं दुकान उघडायला लावलं आणि कापड स्वतः घेतलं. आफ्रीन नंतर सांगत होती, त्यांनी दोन तागे परत केले, बोटांत कापड चोळून पाहिलं आणि तिसरं घेतलं. अत्तर आणि कापूर घेतला. मय्यतीच्या घरी चूल पेटत नाही, पाहुणे तर दुरून येणार, म्हणून वासिफनं डिकीत केळी, मोसंबी आणि पावाचे क्रेट ठासून भरले. मागच्या सीटवर रहमतुल्ला बसले आणि शेजारी आफ्रीन, मांडीवर कापड घेऊन. गाडी मागून इतकी खाली बसली की मला जमीन जवळ आल्यासारखी वाटली.

धारूरचा घाट उतरेपर्यंत सगळं ठीक होतं. पुढे रस्ता उसाच्या ट्रॅक्टरांनी दाबून काढलेला. ट्रॉल्यांतून पडलेल्या पाचटानं खड्डे भरून गेले होते आणि वरून रस्ता सपाट दिसत होता. वासिफ घाईत होता, घाई करण्यासारखंच कारण होतं. मागचं डावं चाक पाचटावरून गेलं आणि खाली कोसळलं. असा आवाज झाला की माझ्यासकट सगळी गाडी हादरली. टायर रिम आणि खड्ड्याच्या काठात चिमटला गेला होता. टायर फाटला होता आणि ती देखणी रिम तडकली होती.

वासिफनं क्रेट भराभर रस्त्याच्या कडेला उतरवले, गालिचा उचलला आणि मला बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर ऊन पडलं. खरं सांगते, मला आनंद झाला. आत कापड होतं, बाहेर म्हातारा माणूस उभा होता, तरी मला आनंद झाला. वाटलं, आता माझी पाळी.

त्यानं मला बसवलं आणि बोल्ट आवळले. ते लांब बोल्ट माझ्या पातळ पत्र्यातून पार आत गेले आणि आतल्या भागाला जाऊन टेकले. मी फिरेना. त्यानं बोल्ट सैल केले, तर मी डुगडुगू लागले. पुन्हा आवळले, पुन्हा तेच. घामानं त्याच्या हातातून पाना निसटू लागला. शेवटी त्यानं साजिदला फोन लावला, आणि साजिदनंच विचारलं की जुने बोल्ट कुठं हायेत. वासिफ खाली मातीत बसला. मग त्यानं दुकानाची किल्ली कुणाकडे आहे ते सांगितलं, आणि साजिद केजहून मोटारसायकलवर निघाला.

तेवढ्यात माजलगावहून फोन आला. पाणी तापलं होतं, आंघोळ घालणाऱ्या बाया येऊन बसल्या होत्या, कापडासाठी सगळे थांबले होते. तिकडून एक जीप निघाली होती, पण ती ट्रॅक्टरांच्या रांगेत अडकली. उशीर होणार असेल तर इथूनच कापड घेऊ का, असं कुणीतरी विचारलं. रहमतुल्ला नुसतं नको नको म्हणत राहिले.

वासिफनं हात करून गाड्या थांबवायचा प्रयत्न केला. एक भरलेली होती, एक थांबलीच नाही. शेवटी एक मोटारसायकल थांबली. शहादेव नावाचा शेतकरी आणि मागे त्याची बायको पारूबाई, दोघं माजलगावच्या बाजाराला निघालेले.

"कावून थांबलात, चाचा?" शहादेवनं विचारलं.

रहमतुल्लांनी थोडक्यात सांगितलं. ऐकता ऐकताच पारूबाई गाडीवरून उतरली. म्हणाली, "आमच्यात बी असंच हाय. कापड आल्याबिगर बाई निघत न्हाई. तुमी बसा चाचा, मी थांबते हितं."

रहमतुल्लांनी सीटला हात लावला आणि पाय उचलायला गेले. पाय वर आला नाही. एका अंगावर बसून पाहिलं, तर सांध्यातून अशी कळ आली की वासिफनं धरलं म्हणून ते पडले नाहीत. शहादेव म्हणाला, असं नेलं तर हे वाटेत पडतील. उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून शेजारून चालले होते.

मग रहमतुल्लांनी आफ्रीनला जवळ बोलावलं. तिच्या हातातलं कापड घेतलं, छातीशी धरलं आणि परत तिच्या हातात दिलं. "तू जा," ते म्हणाले. "तू गेलीस म्हंजी माहेर गेलं. आपाला सांग, हलकं न्हाई आणलं."

आफ्रीन बसली. मोटारसायकल पाचट उडवत दिसेनाशी झाली. रहमतुल्ला क्रेटवर बसून त्या दिशेला बघत राहिले. पारूबाईनं त्यांना पाणी दिलं, आणि मग बराच वेळ त्यांच्या बहिणीबद्दल एकेक विचारत राहिली. त्या कशा होत्या, स्वयंपाक कसा करायच्या, लेकरं किती. रहमतुल्ला बोलत गेले. वासिफ मात्र माझ्याजवळून उठला नाही.

साजिद आला तेव्हा उन्हं कलायला लागली होती. आखूड बोल्ट माझ्या अंगात गपकन बसले. मी घट्ट झाले. साजिदनं मला दाबून पाहिलं, हवा थोडी उतरलेली होती. तो म्हणाला, स्टेपनी जुनी हाय, बाकीची चाकं येगळी हायेत, हळू ने. काही क्रेट त्यानं पारूबाईच्या ओळखीच्या शेतात ठेवले आणि गाडी हलकी केली. पारूबाई पुढे बसली, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर फिरले.

इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. डांबराचा खरखरीत स्पर्श, खडे, वळणं. पण मला पळता आलं नाही. पुढे ट्रॅक्टरांची तीच रांग लागली आणि आम्हीही तिच्यात अडकलो. कुठल्याशा गावातून असरची अजान ऐकू आली. मागच्या सीटवर रहमतुल्लांनी काच खाली केली आणि पूर्ण अजान ऐकली. वासिफनं हॉर्नवर हात ठेवला होता, तो त्यानं काढून घेतला.

अजमतबींच्या घरी न जाता आम्ही थेट कबरस्तानाकडे वळलो. भिंतीपाशी थांबलो तेव्हा माणसं मातीचा ढीग हातांनी सारखा करत होती. रहमतुल्ला वासिफच्या खांद्यावर भार टाकून गेले. लोकांनी वाट करून दिली. त्यांना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांच्या भाच्यानं ओंजळीत माती आणून दिली आणि त्यांनी ती हळूच सोडली. मिट्टी त्यांना मिळाली. बहिणीचं तोंड मात्र बघायचं राहिलं.

मग आम्ही त्यांच्या घरापाशी आलो. पारूबाईचा नवरा तिथं तिची वाट बघत उभा होता, ती त्याच्याबरोबर गेली. आफ्रीन बाहेर आली. रहमतुल्ला मागच्या सीटवर बसले होते, दार उघडं, पाय बाहेर, अगदी माझ्याशेजारी. वासिफ हवा बघायच्या निमित्तानं माझ्याजवळ उकिडवा बसला होता.

"कापड पोचलं," आफ्रीन म्हणाली. "टायमात पोचलं, अब्बा."

रहमतुल्लांनी मान हलवली. मग विचारलं, "कशी दिसत होती?"

आफ्रीननं सांगितलं. आंघोळ घालताना तीही बायांबरोबर होती. केस तिनंच मोकळे केले, तिनंच विंचरले. कपाळावर एक आठी होती, ती नंतर गेली. ओठ जरा उघडे होते, काहीतरी बोलायला निघाल्यासारखे. कापडाला सगळ्या बायांनी हात लावून पाहिला आणि चांगलं आहे म्हणाल्या.

"मी सांगितलं फुफीला. कानात सांगितलं," ती म्हणाली.

रहमतुल्लांनी तिचा हात धरला. मग म्हणाले, "परत सांग."

तिनं परत सांगितलं, केसांपासून. वासिफचा हात माझ्या अंगावर होता. मला तेव्हा त्याचा राग आला नाही, मित्रांनो. त्याचं आपल्या फुफीवर कमी प्रेम नव्हतं. त्यानं एक चूक केली होती आणि ती आता कुणालाच दुरुस्त करता येणार नव्हती.

त्यानंतर त्यानं ते टायर पुन्हा चढवले नाहीत. माझी भावंडं माळ्यावरून खाली आली. मी परत डिकीत गेले, पण आता माझ्यात वेळेवर हवा भरली जाते. वासिफकडे त्याचे मित्र चाकं बदलायची म्हणून सल्ला मागायला येतात. तो त्यांना हसत नाही आणि अडवतही नाही. एवढंच सांगतो की गाडी घरच्या सगळ्या माणसांनी आणि सामानानं भरा, आपल्या नेहमीच्या वाईट रस्त्यावरून न्या, मग ठरवा. आणि स्टेपनी एकदा स्वतःच्या हातानं लावून बघा.

माझीही तुम्हाला तीच विनंती आहे. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही दारात गाडी येईल. ती सुंदर करा, जरूर करा. पण चाक निवडताना आपल्या घरात सगळ्यात दुखरं माणूस कोण आहे ते आठवा आणि त्याला आधी मागच्या सीटवर बसवून आणा. टायरवरचे आकडे शेवटपर्यंत वाचा. डिकीतल्या आम्हा काळ्या, धुळकट चाकांना वर्षातून एकदा तरी उजेड दाखवा.

फाटलेल्या टायरच्या जागी नवा मिळतो. तडकलेली रिमही मिळते. माजलगावच्या रस्त्याला लागलो की मागच्या सीटवरून मला अजून आवाज येतो. रहमतुल्ला विचारतात, "कशी दिसत होती ती?" आणि आफ्रीन पुन्हा केसांपासून सांगायला लागते.